घरघर जाते, बडबड राहते

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय हेडफोनबद्दल. साधे नाहीत, ते महागडे, वायर नसलेले, बाहेरचा आवाज कमी करणारे, नॉइज कॅन्सलिंग म्हणतात ते. पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातात, ॲपलचे तर आपल्याकडे आले तेव्हा ५९,९०० होते, म्हणजे तेवढ्यात चवथीचा सगळा बाजार, गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी, फटाके होऊन वर पैसे उरतात. घेऊ नका असं मी म्हणत नाही. फक्त घेण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: घरघर जाते, बडबड राहते. परत सांगतो, घरघर जाते, बडबड राहते.

असं का, तर त्यात बारीक बारीक माइक असतात, ते बाहेरचा आवाज ऐकतात, आतली चिप त्याच्या बरोब्बर उलटी लाट काढते, आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. एका सुरात सारखा चालणारा जाडा आवाज, म्हणजे विमान, एसी, पंखा, बसचं इंजिन, हे मस्त जातं. पण हॉर्न, कुकरची शिट्टी, माणसाचं बोलणं, असले वरच्या पट्टीतले, क्षणाक्षणाला बदलणारे आवाज आले की चिपची तारांबळ उडते, तिथे कामाला येते ती फक्त कानावरची गादी. सकाळी पाव विकायला येणाऱ्या पोदेराचा पों पों तुम्हाला ऐकू येणारच. आणि यायलाच पाहिजे, नाहीतर पाव संपतात.

हे सगळं डोक्यात आलं ते बोस कंपनी काढणाऱ्या अमर बोस यांच्या, १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना. विमानात मिळालेल्या हेडफोनमधून इंजिनाशिवाय काही ऐकू येईना, तर बसल्या जागी गणित मांडायला घेतलं. वडील बंगालचे, स्वातंत्र्याच्या चळवळीतले, इंग्रज मागे लागले म्हणून अमेरिकेत गेलेले. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं आणि तुमच्या-आमच्यासाठीचा आला २००० साली. त्याच २००० सालचा आपल्याकडचा तो ध्वनिप्रदूषणाचा नियम, रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. आता रात्रभर पार्ट्या ऐकणाऱ्या किनारपट्टीवरच्यांनी हसू नका. मला विचाराल तर लोकांना कानाला लावायची यंत्रं विकण्यापेक्षा ते बुफर, म्हणजे मोठे स्पीकर, बंद केलेले बरे, पण तो विषय आज नको, त्यावर मी सुरू झालो की वेळ संपतो.

तर किस्सा. ज्यांनी माझ्याकडून आधी ऐकलाय त्यांनी परत ऐका. माझा भाचा गोव्यातल्या चोडण बेटावरचा, कंप्युटरवर काम करणारा, घरूनच. त्याने पहिल्या बोनसमध्ये असले हेडफोन घेतले आणि ते गळ्यात घालून संध्याकाळी माझ्याबरोबर पणजीजवळच्या रायबंदरच्या धक्क्यावर आला. ती नवी रो-रो बोट यायच्या आधीची गोष्ट, जुनी फेरीबोट, स्कूटर एकमेकींना चिकटलेल्या, आणि इंजिन असं की पायाखालचा पत्रा थरथरायचा. बोट सुटली तसे त्याने हेडफोन काढून माझ्या डोक्यावर चढवले, म्हणाला, "मामा, गाणं लावत नाही हां, नुसतं बटण दाबतो, बघ." आणि बटण दाबलं, आणि काय सांगू मंडळी, इंजिनच गेलं! पत्रा थरथरतोय, धूर येतोय, पण आवाज नाही.

मी खूश. आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

मागे मासे विकणाऱ्या दोघी बसलेल्या, पणजीहून रिकाम्या टोपल्या घेऊन परत निघालेल्या. इंजिन चालू असलं की फेरीवर ओरडूनच बोलावं लागतं, तशा त्या ओरडूनच बोलत होत्या, आणि एरवी त्यातलं एक अक्षर आपल्याला कळलं नसतं. आता इंजिन गेलं. आवाज जरा बारीक झालेला, पण शब्द न शब्द साफ. आणि विषय कोणता? आमचे चिरंजीव! कुठल्या तरी घरी त्याची सोयरीक चालली होती, आणि एक दुसरीला सांगतेय, "दिसभर कानांक तें धांपण लावन बसता. फाल्यां बायल उलयतली तेन्ना आयकतलो कोण?" म्हणजे दिवसभर कानाला ते झाकण लावून बसतो, उद्या बायको बोलेल तेव्हा ऐकणार कोण? दुसरी काय म्हणावी? "बरें न्ही तें! झगडीं जावचीं नात." बरंच की, भांडणं होणार नाहीत!

मला हसू आवरेना. त्यांना वाटलं असणार, ह्याच्या कानावर धांपण म्हणजे हा ठार बहिरा. मी हळूच हेडफोन काढले, लगेच इंजिन धडधडत परत आलं आणि बायका गप्प झाल्यासारख्या झाल्या, नुसती तोंडं हलतायत. भाचा विचारतो, "कसं वाटलं मामा?" मी म्हटलं, "एकदम क्लिअर रे बाबा, सगळं ऐकू आलं." तो बिचारा कंपनीचं कौतुक करत बसला. पुढे लग्न झालं, त्याच मुलीशी, आणि तिनेही तसलेच घेतले. आता दोघं एका सोफ्यावर, दोन धांपणं. भांडणं होत नाहीत म्हणे.

म्हणून दुकानात गेलात की आधी गाणं न लावता घालून बघा. घरी तुम्हाला त्रास कशाचा आहे, पंख्या-जनरेटरचा की शेजाऱ्यांच्या टीव्हीचा, ते ठरवा. टीव्हीतल्या बडबडीचा असेल तर गादी कानाभोवती किती घट्ट बसते ते बघा, आणि चष्मा असेल तर चष्म्यासकट घाला, काडीमुळे फट राहते, तिथून सगळं आत येतं. काहींना बटण दाबलं की कानात दाब आल्यासारखा वाटतो, त्यासाठी पाच मिनिटं तरी डोक्यावर ठेवा, दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

वजन बघा. सोनीचं एक्सएम५ २५० ग्रॅम, ॲपलचं ३८५ च्या आसपास, तासाभराने मानेला फरक कळतो. एक्सएम५ ची घडी होत नव्हती, २०२५ च्या एक्सएम६ मध्ये परत होते. बॅटरीवरून फार डोकं फोडू नका, बोसचं पहिलं अल्ट्रा २४ तास, सेनहायझरचं मोमेंटम ४ तर ६० तास म्हणतात, फोन रोज चार्ज करणाऱ्यांना ह्यात काय कठीण? आणि एलडॅक एलडॅक म्हणून, म्हणजे ब्लूटूथवरून जास्त बारकाईने आवाज पाठवायचं ते सोनीचं तंत्र, कोणी गळ घातली तर आधी खिशातला फोन बघा, आयफोनला ते चालतच नाही, पैसे कशाला द्यायचे? स्कूटरवर तर लावूच नका, हे सांगावं लागतंय हेच वाईट.

राहिला आपला पावसाळा. दमट हवेत ह्या गाद्यांचं वरचं नकली चामडं सुटायला लागतं, काळे कपचे मानेवर पडतात. घामाचे हेडफोन तसेच डब्यात कोंबू नका, पुसा, वाळू द्या, डब्यात ती सिलिकाची पुडी टाका. आणि घेतानाच विचारा, गाद्या सुट्या मिळतात का, केवढ्याला, आणि किती दिवसात. नाही म्हणाला तर सरळ पुढच्या दुकानात चला.