दार्या व्लास्येव्नाची पिशवी

सेंट पीटर्सबर्ग. नेव्स्की रस्त्यावर चौदा नंबरच्या घराच्या भिंतीवर दुसऱ्या महायुद्धातल्या इशाऱ्याची ही निळी पाटी आहे. 'नागरिकहो, तोफांचा मारा चालू असताना रस्त्याची ही बाजू सर्वांत धोक्याची.' तेव्हा या शहराचं नाव लेनिनग्राद होतं. ८ सप्टेंबर १९४१ ला जर्मन फौजांनी जमिनीवरची शेवटची वाट तोडली. वेढा ८७२ दिवस राहिला.

हा ठोका ऐका. मेट्रोनोम. कार्यक्रम नसला की रेडिओवर हाच वाजत राहायचा. संथ असला तर आभाळ मोकळं. जलद झाला की विमानं आली, तळघर गाठा.

घरात तारेनं जोडलेला हा कर्णा असायचा. काळ्या कागदाचा, थाळीएवढा. त्यातून ओल्गा बेर्गोल्त्स बोलायची. कवयित्री, वय ३१.

५ डिसेंबर १९४१ ची तिची कविता एका शेजारणीशी बोलते. दार्या व्लास्येव्ना, ये, बसू जरा, दोघीच बोलू.

याच युद्धात रशियन कवी सिमोनोवची 'माझी वाट पाहा' ही कविता सैनिकांनी वर्तमानपत्रातून कापून खिशात जपली. सुंदर आहे ती. पण तिथं बाईनं करायचं काम एकच, वाट पाहणं. ओल्गाची दार्या पाव आणायला निघालीय.

तराजूतला हा तुकडा बघा. १२५ ग्रॅम. त्या महिन्यात नोकरदार, घरी असलेल्या बाया, लेकरं, प्रत्येकाला दिवसाचा एवढाच. पिठात पेंड आणि लाकडाचा लगदा. कवितेत ओल्गा म्हणते, हातावर घेतला तर त्याचं वजनही जाणवत नाही.

आणि मग ती दार्याला सांगते, मोठ्या चौकात तुझा पुतळा उभारतील, न गंजणाऱ्या पोलादाचा. त्यात तू आत्ता दिसतेस तशीच असशील. वाळलेली, धीट, डोक्याला घाईघाईनं रुमाल गुंडाळलेला, तोफा चालू असताना हातात पिशवी घेऊन निघालेली.

युद्धाच्या कवितेत आपण बाईच्या हाती ओवाळणीचं ताट पाहिलंय, डोळ्यांत पाणी पाहिलंय. ही बाजाराची पिशवी फार थोड्यांनी पाहिली. ती एका बाईनं पाहिली, कारण तीही त्याच रांगेत होती.

जानेवारी १९४२ मध्ये ओल्गाचा नवरा गेला. ती रेडिओवर बोलत राहिली. २७ जानेवारी १९४४ ला वेढा उठला.

पिस्कार्योव्स्कोये स्मशानभूमी. या हिरव्या उंचवट्यांखाली जवळपास पाच लाख माणसं आहेत. समोर मातृभूमीचा ब्राँझचा पुतळा, हातात पानांची माळ. मागच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर ओल्गाचे शब्द. क्रम नीट पाहा. इथे लेनिनग्रादकर आहेत, शहरातले पुरुष, बायका, मुलं. सैनिक नंतर येतात, आणि ते 'त्यांच्या शेजारी'.

उंचवट्यावरच्या दगडावर नावं नाहीत, साल आहे. १९४२. त्यावर कुणीतरी आज सकाळी पावाचा तुकडा ठेवून गेलंय.