साकेची पहिली ओळख, सायजो गावातून

[दृश्य: सकाळची वेळ. कौलारू छपरांमागे लाल विटांची धुराडी.]

हिरोशिमाहून लोकलनं पाऊण तासाच्या आत सायजो येतं. स्टेशनबाहेर पडलं की छपरांवरून डोकावणारी लाल विटांची चौकोनी धुराडी दिसू लागतात. प्रत्येकावर उभ्या ओळीत एकेका ब्रुअरीचं, म्हणजे साके ही जपानची तांदळाची दारू बनवणाऱ्या कारखान्याचं नाव. पायी फिरता येईल एवढ्याशा भागात या ब्रुअऱ्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. काहींच्या विहिरीचं पाणी रस्त्यावरच्या नळाला येतं आणि गावकरी ते बाटल्यांतून भरून नेतात. दारावर झाडाच्या डहाळ्यांचा मोठा गोल गोळा टांगलेला दिसेल. हंगामातली नवी साके तयार झाली की तो हिरवागार असतो. महिने जातात तसा सुकून तपकिरी होतो. रंगावरूनच जाणकार ओळखतात, आतली साके किती मुरली ते.

साके म्हणजे तांदूळ, पाणी, कोजी नावाची बुरशी आणि यीस्ट. उकळून, वाफ धरून काढलेली ही दारू नव्हे. ती आंबवून गाळलेली असते. बाटलीत शिरताना तिच्यात अल्कोहोल साधारण 15 ते 16 टक्के असतं, म्हणजे वाइनपेक्षा थोडं जास्त आणि व्हिस्कीच्या निम्म्याहूनही कमी. इवल्याशा पेल्यातून देतात म्हणून पुष्कळ जण ती एका दमात रिचवतात. तसं करू नये. ही घोट घोट घेण्याची, जेवणासोबत घेण्याची गोष्ट आहे.

दुकानात गेलं की पहिल्यांदा समोर येतो तो आकडा. 70 टक्के, 60 टक्के, 50 टक्के. हा अल्कोहोलचा आकडा नाही. तांदूळ घासून घासून किती उरला, त्याचा आहे. नवखा माणूस या आकड्याच्या मागे लागतो, कारण तो लेबलवर छापलेला असतो आणि किंमत त्याच्याबरोबर चढत जाते. तो आकडा खोटा नाही. पण साके चवीला जशी लागते तशी का लागते, याचं उत्तर बरंचसं दुसरीकडे आहे. ते पाण्यात आहे, कोजीत आहे आणि आपण ती किती गरम किंवा गार पितो यातही आहे.

[दृश्य: विहिरीचं पाणी, मग जुना नकाशा. कोबेजवळचा किनारा.]

आधी पाणी. कोबे आणि निशिनोमिया या शहरांच्या किनाऱ्यावरचा नादा हा जपानमधला साकेचा सगळ्यात मोठा पट्टा. यामामुरा ताझाएमोन या मालकाच्या तिथे दोन ब्रुअऱ्या होत्या, एक उओझाकीला आणि दुसरी निशिनोमियाला. निशिनोमियाची साके दरवर्षी सरस निघायची. असं सांगतात की त्यानं तांदूळ एकच करून पाहिला, कारागिरांची अदलाबदल करून पाहिली, फरक काही मिटेना. अखेर 1840 मध्ये त्यानं निशिनोमियाच्या विहिरीचं पाणी उओझाकीला नेलं आणि कोडं सुटलं. ते पाणी आजही मियामिझु या नावानं ओळखलं जातं. यीस्टला पोसणारं पोटॅशियम आणि फॉस्फरस त्यात भरपूर आहे. साकेचा रंग आणि चव बिघडवणारं लोह मात्र फार कमी आहे. अशा पाण्यात मिश्रण जोमानं आंबतं आणि साके ठसठशीत निघते.

हिरोशिमाच्या भागात बहुतेक ठिकाणी पाणी मृदू. त्यात क्षार कमी. किनाऱ्यावरच्या मित्सु गावात मिउरा सेन्झाबुरो नावाचा ब्रुअरी मालक होता. हे गाव आज सायजोसारखंच हिगाशी-हिरोशिमा शहराच्या हद्दीत येतं. सुरुवातीला वर्षामागून वर्ष त्याची साके नासत गेली. नादाची रीत तो जशीच्या तशी पाळत होता, पण पाणी नादाचं नव्हतं. हे ध्यानात आल्यावर त्यानं रीतच बदलली. कोजी अधिक चांगली मुरवायची, आणि मिश्रण थंड ठेवून सावकाश आंबवायचं. शंभरदा करून पाहा, हजारदा सुधारा, हे त्याचं ब्रीद होतं. त्यातून निघालेली साके मऊ आणि सुवासिक होती. मला मिउराचं सगळ्यात मोठं वाटतं ते त्याचं पुढचं पाऊल. 1898 मध्ये त्यानं ही पद्धत पुस्तकात छापून सगळ्यांना खुली केली. 1907 साली देशपातळीवरची पहिली मोठी स्पर्धा झाली, तेव्हा हिरोशिमाच्या साकेनं नादासारख्या मातब्बरांना मागे टाकून वरचे क्रमांक पटकावले. आज ज्या फळाफुलांच्या वासाच्या साकेला गिन्जो म्हणतात, तिची पाळंमुळं या थंड, संथ आंबवण्यात आहेत.

[दृश्य: गिरणी. तांदळाचे दाणे जवळून.]

आकड्याची गोष्टही याच गावातून जाते. साताके रिइची यानं 1896 मध्ये सायजोमध्ये जपानमधलं पहिलं यांत्रिक शक्तीवर चालणारं तांदूळ सडण्याचं यंत्र बनवलं. पुढे दगडानं घासणारी यंत्रं आली आणि दाणा निम्मा उरेपर्यंत घासणं शक्य झालं.

दाणा घासायचा कशाला? साकेसाठी पिकवलेल्या तांदळाचा दाणा मोठा असतो आणि त्याच्या पोटात पांढरा, अपारदर्शक गाभा असतो. तो गाभा जवळजवळ निव्वळ स्टार्च. प्रथिनं आणि स्निग्धांश बाहेरच्या थरात जास्त. ते राहिले तर साकेला जडपणा येतो आणि नाजूक वास दबतात. यामादा निशिकी हा या तांदळांतला सगळ्यात नावाजलेला वाण. ह्योगो प्रांतात 1923 मध्ये त्याचा संकर झाला आणि 1936 मध्ये त्याला हे नाव मिळालं. रोप उंच वाढतं, ओंबी जड असते, वारा आला की आडवं होतं. शेतकऱ्याची परीक्षा पाहणारं पीक आहे हे.

दाणा 50 टक्क्यांवर आणायला दोन-दोन दिवस लागतात. घाई केली तर घर्षणानं दाणा तापतो आणि तडकतो. निघालेलं पीठ वाया जात नाही, त्याच्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या वगैरे होतात. घासलेला तांदूळ धुऊन भिजत घालतात. उंची साकेसाठी हे भिजवणं स्टॉपवॉच हातात धरून, सेकंद मोजून चालतं, कारण उघड्या पडलेल्या गाभ्यात पाणी झपाट्यानं शिरतं. मग तांदूळ वाफवायचा. भातासारखा शिजवायचा नाही. दाणा बाहेरून कोरडा, आतून मऊ हवा.

[दृश्य: लाकडी भिंतींची उबदार खोली. कामगार स्तब्ध उभे. चाळणीतून बीजं खाली येताना.]

आता कोजी. इथं जरा थांबू या.

द्राक्षात साखर असते, म्हणून वाइन आपसूक आंबू लागते. तांदळात साखर नसते, स्टार्च असतो, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. मध्ये कुणीतरी स्टार्चची साखर करून द्यावी लागते. बिअरमध्ये हे काम मोड आलेलं बार्ली करतं. साकेत ते अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी करते. याच कुळातल्या बुरशीवर जपानची मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, आणि सोया सॉससुद्धा उभी आहे. 2006 मध्ये जपानच्या ब्रुइंग सोसायटीनं कोजीला राष्ट्रीय बुरशी म्हणून मान दिला.

खोलीत तिशीच्या वरची ऊब. बाहेर बर्फ असलं तरी आत माणसं सदऱ्यावर. वाफवलेला तांदूळ लांब टेबलावर पातळ पसरलेला असतो. मुख्य कारागीर, ज्याला तोजी म्हणतात, बारीक जाळीच्या डब्यातून बुरशीची हिरवट-पिवळी बीजं वरून हलवत जातो. ती डोळ्यांना धुरासारखी दिसतात. या वेळी कुणी हलत नाही, दार उघडत नाही. वाऱ्याची झुळूक आली तर बीजं एका बाजूला पडतील.

पुढचे साधारण दोन दिवस ही खोली कुणाला झोपू देत नाही. बुरशी वाढू लागली की तांदूळ स्वतःच तापतो. त्याला कधी गोळा करून पांघरूण घालायचं, कधी मोडून पसरायचं, कधी बोटांनी सऱ्या पाडून आतली वाफ मोकळी करायची, हे रात्री-अपरात्री उठून करावं लागतं. शेवटाला उष्णता चाळिशीच्या पुढे जाते. तयार दाणा तळहातावर घेऊन पाहा. पांढरे, मखमली ठिपके उमटलेले. वास भाजलेल्या चेस्टनटचा. चावला की आधी कडक लागतो आणि मग गोडवा उतरतो. बुरशी दाण्याच्या पृष्ठभागावर सगळीकडे पसरली तर साके भरीव होते. ठिपक्याठिपक्यांनी आत गाभ्याकडे शिरली तर साके हलकी आणि सुवासिक होते. कुठली हवी ते तोजी ठरवतो, आणि त्यासाठी त्याच्या हाती असतं ते फक्त ऊब आणि ओलावा कमी-जास्त करणं. घासणं यंत्रावर सोपवता येतं. हे हातांनी आणि नाकानं शिकायचं काम आहे. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोनं साके बनवण्याच्या पारंपरिक ज्ञानाची मानवतेच्या अमूर्त वारशात नोंद केली. त्या नोंदीच्या शीर्षकातच कोजीचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे.

[दृश्य: मोठी टाकी, वर फेस.]

पुढचा भाग झटपट पाहू. दह्याला विरजण लागतं तसं साकेलाही लागतं. कोजी, भात, पाणी आणि यीस्ट यांचं छोटं आंबट मिश्रण आधी तयार करतात. मग मोठ्या टाकीत भात, कोजी आणि पाणी तीन वेळा, चार दिवसांत वाढवत जातात. दुसरा दिवस विश्रांतीचा. सगळं एकदम घातलं तर आंबटपणा पातळ होऊन नको ते जंतू माजतील. टाकीत एकाच वेळी दोन कामं चालतात: कोजी साखर बनवते आणि यीस्ट ती लगेच खाऊन टाकतं. साखर साचत नाही, म्हणून यीस्ट गुदमरत नाही आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास चढतं. गिन्जो असेल तर दहा अंशांच्या आगेमागे महिनाभर ही टाकी सांभाळतात. सफरचंदाचा, नासपतीचा, केळ्याचा जो वास येतो तो यीस्टनं केलेला आहे. फळ आत घातलेलं नसतं. नंतर दाबून गाळायचं, बहुधा दोनदा हलकं तापवायचं, मुरवायचं, पाणी घालून बेताचं करायचं. जंतू मारण्यासाठीचं हे तापवणं जपानमध्ये सोळाव्या शतकापासून चालत आलंय, लुई पाश्चरच्या तीनशे वर्षं आधीपासून. न तापवलेली साके म्हणजे नामा. ती ताजी, चुरचुरीत लागते, पण तिला फ्रीजबाहेर ठेवू नका.

[दृश्य: दुकानातल्या बाटल्या. लेबलं.]

आता लेबल वाचता येईल. जुनमाई म्हणजे तांदूळ, कोजी, पाणी, बस्स. हा शब्द नसेल तर गाळण्याआधी थोडं अल्कोहोल घातलेलं असतं. होन्जोझो म्हणजे असं अल्कोहोल घातलेली, आणि तांदूळ 70 टक्के किंवा त्याहून कमी उरलेला. गिन्जो 60 किंवा कमी, दाईगिन्जो 50 किंवा कमी. अल्कोहोल घातलं म्हणजे भेसळ, असं अनेकांना वाटतं. त्यामागे कारण आहे. युद्धकाळात आणि नंतर तांदळाचा तुटवडा असताना अल्कोहोल आणि साखर घालून साके तिप्पट वाढवत, आणि ती सवय टंचाई संपल्यावरही पुष्कळ वर्षं टिकली. होन्जोझोचं तसं नाही. तिच्यात किती अल्कोहोल घालायचं यावर कायद्यानं कडक मर्यादा आहे, आणि ते वास खुलवण्यासाठी घातलेलं असतं. चांगली होन्जोझो गरम करून प्यायली की ही अढी सुटते.

पहिली बाटली घ्यायची तर मी साधी जुनमाई सुचवीन. दाईगिन्जो सुंदर असते, पण तिचा सुगंध पहिल्या घोटालाच सगळं बोलून टाकतो, आणि जेवणापुढे ती बुजते. जुनमाईत भाताची चव आहे, थोडा आंबटपणा आहे, आणि तापमान बदललं की ती बदलते. एकच बाटली तीन प्रकारे चाखून पाहा. एक पेला फ्रीजमधला. एक खोलीच्या तापमानाचा. तिसऱ्यासाठी पाणी उकळून गॅस बंद करा, साके छोट्या चिनी मातीच्या सुरईत ओतून त्या पाण्यात उभी करा आणि चाळीस अंशांच्या आसपास आली की काढा. सुरई बाहेरून कोमट लागली की झालं. गार असताना जी साके बंद वाटत होती तिचा गोडवा आणि भरीवपणा आता जिभेवर पसरतो. गरम साके म्हणजे हलक्या साकेचा दोष झाकण्याची युक्ती, असा गैरसमज जगभर आहे. जपानमध्ये गरम करून खुलणाऱ्या साके मुद्दाम बनवल्या जातात.

सोबत तेवढंच पाणी प्या. मंडळी असतील तर आपला पेला आपण भरू नका, शेजाऱ्याचा भरा, तो तुमचा भरेल. बाटली उघडल्यावर फ्रीजमध्ये उभी ठेवा आणि आठवडा-दोन आठवड्यांत संपवा. राहिलीच, तर ओतून देऊ नका. जपानी घरांत बांगड्याच्या जातकुळीतला साबा मासा मिसोत शिजवतात, तेव्हा त्यात साके घालतातच. माशाचा उग्र वास जातो आणि रस्सा गोडसर होतो.