हाड जुळल्यानंतरची सायकल

नमस्कार, श्रोतेहो.

सायकलवरून पडलेला माणूस शुद्धीवर असेल, तर तो बहुधा स्वतःच्या आधी सायकलची चौकशी करतो. चार वर्षांपूर्वी श्रावणात मुळशीकडून ताम्हिणी घाट उतरत असताना, एका डाव्या वळणावर, रस्त्याच्या कडेला झिरपत्या पाण्याने धरलेल्या शेवाळावर माझे पुढचे चाक सरकले आणि काही कळण्याच्या आत मी डाव्या खांद्यावर आपटलो. सोबत्याने मला उठवून कठड्याला टेकवून बसवले, तेव्हा मी त्याला म्हणालो, "चाक आऊट झालंय का, बघ रे." चाक सरळ होते. माझ्या गळ्याखालच्या आडव्या हाडाचे मात्र दोन तुकडे झाले होते आणि त्यांतल्या एकाचे टोक जर्सीखालची कातडी तंबूच्या काठीसारखे वर उचलून धरत होते. त्या दिवसापासून पुन्हा त्याच घाटात उतरेपर्यंत मला चौदा महिने लागले. आजचे माझे बोलणे त्या चौदा महिन्यांत जे शिकायला मिळाले त्याविषयी आहे.

ज्या हाडाला जुनी माणसे हासळी म्हणतात आणि दवाखान्यात कॉलर बोन म्हणतात, ते सायकलस्वारांचे नेहमी मोडणारे हाड आहे. त्याचे कारण आपल्या शरीराच्या बांधणीत आहे. संपूर्ण हात धडाशी हाडाने जोडलेला असतो तो केवळ याच एका हाडाने. त्यामुळे माणूस थेट खांद्यावर आदळो किंवा सावरण्यासाठी हात पुढे करो, धक्का शेवटी याच बाकदार हाडातून छातीकडे जातो आणि ते बहुतेक वेळा मधल्या भागात मोडते. तुकडे फारसे सरकलेले नसतील तर हात झोळीत ठेवून हाड आपोआप जुळू देतात. ते फार सरकले असतील, एकमेकांवर चढले असतील किंवा कातडी फाटण्याची भीती असेल, तर शस्त्रक्रिया करून पट्टी आणि स्क्रू बसवतात. माझ्या हाडाला पट्टी बसवावी लागली. मोठ्या माणसाचे हे हाड जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, आणि गोंधळ सुरू होतो तो या आकड्यापाशीच, कारण रुग्ण त्याचा अर्थ "बाराव्या आठवड्यात मी सायकलवर" असा लावतो. मीही तसाच लावला होता. त्या हिवाळ्यातल्या २०० किलोमीटरच्या बीआरएमसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरे करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीसाठी, माझे नाव आधीच नोंदवलेले होते. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर हे अंतर मला एरवी जड नव्हते, त्यामुळे ते नाव मागे घेताना मला खरोखर रडू आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

हाड जुळते तेव्हा केवळ दोन तुकडे चिकटलेले असतात. झोळीतल्या आठवड्यांत खांद्याचा सांधा आखडतो, दंडाचे स्नायू वाळतात आणि पाठीकडच्या खांद्याच्या फऱ्याला धरून ठेवणारे स्नायू आपले काम विसरतात. माझ्या फिजिओथेरपिस्टनी मला पहिल्या भेटीत भिंतीसमोर उभे केले आणि डाव्या हाताची बोटे मुंगीसारखी भिंतीवरून वर चालवायला सांगितली. बोटे हनुवटीच्या उंचीला थांबली. तिथे त्यांनी पेन्सिलीने एक रेघ ओढली, शेजारी तारीख लिहिली आणि घरीही असेच करायला सांगितले. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी मुलीची उंची मोजण्याच्या खुणा आहेत. त्यांच्याच बाजूला माझ्या बोटांच्या खुणा वर चढू लागल्या, कधी आठवड्यात चार बोटे, कधी दोन आठवड्यांत एक पेर. एका आठवड्यात तर रेघ आधीच्या रेघेच्या खाली आली, कारण आदल्या दिवशी मी हट्टाने गॅसचा सिलिंडर सरकवला होता. त्या भिंतीने मला जे शिकवले ते कोणत्याही एक्स-रेने शिकवले नव्हते. हाडाचे घड्याळ वेगळे चालते, स्नायूंचे वेगळे, आणि मनातल्या धास्तीचे त्याहून वेगळे. सायकलवर बसण्याआधी तिन्ही घड्याळे पाहावी लागतात.

आपण जगातल्या मोठ्या सायकलपटूंच्या कथा ऐकतो तेव्हा त्यांतले हे घड्याळ बहुधा गाळले जाते. नेदरलँडची आनेमिक फान फ्लूटन २०१६च्या रिओ ऑलिंपिकच्या शर्यतीत आघाडीवर असताना उतारावर कोसळली, तिच्या कंबरेच्या तीन मणक्यांना तडे गेले आणि डोक्याला जबर मार बसला. पुढे २०२१मध्ये टोकियोत तिने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडला एप्रिल १९८७मध्ये शिकारीच्या वेळी चुकून बंदुकीचे छर्रे लागले. त्यांतले कित्येक त्याच्या शरीरात कायमचे राहिले, १९८७ आणि १९८८ची टूर दी फ्रान्स त्याला हुकली आणि १९८९ची टूर त्याने अवघ्या आठ सेकंदांनी जिंकली. या कथा खऱ्या आहेत आणि त्या ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण झोळीत हात घालून बसलेल्या माणसाला मी त्यांच्याऐवजी कोलंबियाच्या एगान बेर्नालची कथा सांगेन.

बेर्नालने २०१९ची टूर आणि २०२१ची जिरो दी इटालिया जिंकली होती. जानेवारी २०२२मध्ये बोगोटाजवळ सराव करताना तो पूर्ण वेगात एका थांबलेल्या बसच्या मागच्या बाजूवर आदळला. मांडीचे हाड, गुडघ्याची वाटी, बरगड्या, मणके अशी वीसएक हाडे मोडली, फुप्फुसांना इजा झाली आणि तो पुन्हा चालू शकेल की नाही, हाच प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो डेन्मार्कमधल्या शर्यतीत उतरला, तेव्हा बातम्यांनी त्याला चमत्कार म्हटले. खरी कहाणी त्यानंतरची आहे. पुढची अडीच वर्षे तो शर्यतींत भाग घेत राहिला आणि एकही जिंकू शकला नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये त्याने आपल्या देशाची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, म्हणजे अपघातानंतर तीन वर्षांनी. ज्याच्या दिमतीला उत्तम डॉक्टर, आहारतज्ज्ञ, मसाज करणारे आणि दिवसभराचा मोकळा वेळ होता, त्याला तीन वर्षे लागली. सकाळी नऊला कामावर जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी स्वतःला बारा आठवड्यांची मुदत घालून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आणि काहींना परतता येत नाही. चार वेळा टूर दी फ्रान्स जिंकलेला ख्रिस फ्रूम जून २०१९मध्ये शर्यतीच्या मार्गाची पाहणी करताना पडला, त्याचे मांडीचे हाड, कोपर आणि बरगड्या मोडल्या. तो पुन्हा शर्यतींत आला, पण पूर्वीचा फ्रूम परतला नाही. जर्मनीची दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांची मानकरी क्रिस्टिना फोगेल जून २०१८मध्ये कोट्बुस येथील ट्रॅकवर सराव करताना दुसऱ्या सायकलपटूवर आदळली आणि छातीखाली तिचे शरीर कायमचे लुळे पडले. त्यांच्या प्रयत्नांत काही उणे राहिले, असे कुणी म्हणू शकणार नाही. इच्छाशक्तीने सगळे होते, हे वाक्य रुग्णाच्या उशाशी बसून बोलणाऱ्यांनी म्हणून जरा जपून वापरावे.

आता एका दुखापतीविषयी मला अधिक सविस्तर बोलले पाहिजे, कारण ती दिसत नाही. घाटात पडल्यावर माझे सगळे लक्ष खांद्याकडे होते. हेल्मेट मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातात घेतले. वरचे कवच शाबूत होते, पण आतल्या पांढऱ्या फोममध्ये कानाच्या वर केसाएवढी बारीक भेग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली होती. हेल्मेटमधला फोम एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो. तो दबला किंवा तडकला की ते हेल्मेट बाद करायचे असते, ते बाहेरून कितीही नवे दिसो. माझ्या डोक्याला मार बसला होता, हे मला त्या भेगेने सांगितले. मेंदूला धक्का बसण्यासाठी बेशुद्ध पडावे लागत नाही. पडल्यानंतर माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, गोंधळलेला असेल, त्याला मळमळत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा डोके दुखत असेल, तर त्याला त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू देऊ नये आणि एकटे सोडू नये. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, झोपेची गुंगी उतरेना, बोलणे अडखळू लागले किंवा दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, तर तातडीने रुग्णालय गाठावे. पुढे काही दिवसांनी डॉक्टरांच्या संमतीने परतायचे तेही पायरीपायरीने: आधी चालणे, मग घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवता येते त्या स्टँडवर) हलके पेडलिंग, मग सपाट मोकळा रस्ता, आणि एखाद्या पायरीवर डोके पुन्हा दुखू लागले तर एक पायरी खाली. डोक्याच्या बाबतीत घाई करणाऱ्या मित्राचे मन दुखवावे लागले तरी चालेल, पण त्याला अडवावे.

मनगटाचेही एक फसवे हाड आहे. अंगठा ताणून उंच केला की त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो. हातावर पडल्यानंतर त्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर पहिला एक्स-रे निर्दोष आला तरी डॉक्टरांना पुन्हा दाखवावे. तिथल्या छोट्या हाडाची चीर सुरुवातीला दिसत नाही, आणि त्याला रक्त उलट्या बाजूने पोचत असल्यामुळे दुर्लक्ष झाले तर त्याचा एक भाग मरतो. खरचटण्याविषयी थोडक्यात सांगतो. जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने नीट धुवावी, खडीचे कण त्याच दिवशी काढून घ्यावेत, धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे आणि मातीसकट जखमेत हळद चेपण्याची सवय सोडावी.

मी पहिल्यांदा ट्रेनरवर बसलो तो दिवस मला आनंदाचा वाटायला हवा होता. हँडलवर भार देता येत नव्हता म्हणून मी ताठ बसून वीस मिनिटे पेडल मारले, आणि आई दारात उभी राहून पाहत होती. अपघातानंतर "विकून टाक ती सायकल" असे ती एकदाच म्हणाली होती; त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. पण मी रस्त्यावर जाऊ लागलो तेव्हा ती पहाटे माझ्याआधी उठलेली असे. घरच्यांची ही जाग दुखापतीचाच भाग आहे. मी कोणत्या रस्त्याने जाणार आणि किती वाजता परतणार, हे सांगून निघण्याची शिस्त मला तिने न बोलता लावली.

उतारावरची धास्ती मात्र सर्वांत उशिरा गेली. चढावर मी पूर्वीसारखा होतो. उतार आला की कोपरे ताठ होत, बोटे ब्रेक सोडत नसत आणि नजर पुढच्या चाकासमोरच्या हातभर रस्त्यावर खिळून राही. अशा ताठरलेल्या अवस्थेत पडण्याचा धोका वाढतोच. म्हणून मी रविवारी सकाळी एका मोकळ्या मैदानात जाऊन शाळेतल्या मुलासारखी वळणे गिरवली: वेग वळणाआधी कमी करायचा, डावीकडे वळताना उजवे पेडल खाली दाबून धरायचे, कोपरे सैल सोडायची आणि जिथून वळण संपते तिथे पाहायचे. महिनाभर मी हे केले. मग पर्वतीजवळचे छोटे उतार, मग कात्रजचा जुना घाट, तोही कोरड्या रस्त्यावर आणि उजेडात.

ताम्हिणीला मी ऑक्टोबरात गेलो. पाऊस सरला होता, दरीच्या बाजूला कारवी हिरवीगार उभी होती, आणि तोच सोबती पन्नास पावले पुढे होता. ते वळण मी लांबूनच ओळखले. कडेचे शेवाळ वाळून तपकिरी झाले होते. मी वळणाआधी ब्रेक लावला, उजवा पाय खाली घेतला आणि रस्त्याच्या कडेपासून हातभर आत राहून उतरलो. कठड्यापाशी तो थांबला होता. "खांदा कसा आहे?" त्याने विचारले. खांदा दुखत होता, थोडासा, थंडीत दुखतो तसा. मी त्याला तसे सांगितले, बाटलीतले पाणी प्यालो आणि आम्ही दोघे पुढे उतरू लागलो.

नमस्कार.