उबुदमधला मुका पाडवा

नमस्कार श्रोतेहो.

मी मिरजेच्या एका शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली. मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवायचं, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवायचा, आणि शाळेत कुणी पाहुणा येणार असला की फाटकाशी रांगोळी कोण काढणार? तर बाई! अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि सुटले. तेव्हाच ठरवलं होतं की एक गाव बघायचंच. बालीतलं उबुद. चित्रकारांचं गाव म्हणून त्याचं नाव फार वर्षं ऐकत होते.

पण विमानाचं तिकीट काढल्यावर हॉटेलसाठी हातात काही उरेना. भाची म्हणाली, "मावशी, हॉस्टेलमध्ये राहा की!" मला आठवलं कॉलेजचं वसतिगृह आणि मेसची पातळ आमटी. तसं नसतं ते. पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्यांची ती उतरायची जागा. खोली नाही घ्यायची, खाट घ्यायची. एका खोलीत आठ खाटा, एकीवर एक. प्रत्येकीला पडदा, डोक्याशी दिवा, सामानाला कुलपाचं कपाट. आपल्या धर्मशाळेची शिकलेली नात म्हणा. भाडं रात्रीचे एक लाख. घाबरू नका, त्यांचा लाख रुपिया म्हणजे तेव्हाच्या भावानं आपले साडेपाचशेच्या आसपास.

२०२३ च्या मार्चमध्ये गेले. विमानतळापासून उबुद पस्तीसेक किलोमीटर, पण रस्त्यावर स्कूटरींची अशी दाटी की पुण्याची आठवण यावी. पोचले, आणि पदरात पडली वरची खाट! शिडी भिंतीला चिकटून सरळ उभी. मी एक पाय वर टाकला, गुडघ्यानं नकार दिला. खालच्या खाटेवर ब्राझीलची एक मुलगी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं आपली उशी वर फेकली. रेल्वेत लोअर बर्थसाठी टीसीच्या किती विनवण्या करतो आपण!

हे हॉस्टेल एका घराच्या आवारातच होतं. बालीतलं घर म्हणजे चार भिंतींची एक इमारत नव्हे. कुंपणभिंतीच्या आत सुट्या सुट्या सोप्यांचा वाडा. दारातून आत गेलं की समोर आडवी भिंत येते, तिला वळसा घालून जावं लागतं. दुष्ट शक्ती सरळच चालतात, त्यांना वळता येत नाही, म्हणून ही योजना. डोंगराकडचा, उगवतीचा कोपरा घरच्या देवळाला. तो सगळ्यात पवित्र. डोंगर म्हणजे गुनुंग आगुंग, बेटावरचा सगळ्यात उंच ज्वालामुखी. स्वयंपाकघर समुद्राच्या बाजूला. आमच्या खाटांची खोली मागे, पूर्वी बहुधा डुकरं असतील तिथे. हा माझा अंदाज, मी काही विचारलं नाही.

घरच्या बाईंना सगळे 'इबू' म्हणत. इबू म्हणजे आई. माझ्या खोलीतली विशीतली पोरं दोन दिवसांत मलाही इबू म्हणायला लागली. त्यामुळे कुणी हाक मारली की आम्ही दोघी वळून बघायचो.

पहाटे पाचला जाग यायची ती सवयीनं. बाहेर आले की इबू सोप्यावर बसलेली. शेजारी नारळाच्या कोवळ्या, पिवळट झावळीच्या पट्ट्या. सुरीनं पट्टी कापायची, दुमडायची आणि तिचा तळहाताएवढा चौकोनी द्रोण करायचा. पूर्वी तो बांबूच्या काडीनं टाचत; इबूच्या हातात स्टेपलर होता. टक, टक. मग त्यात फुलं. पण कशीही नाहीत. पूर्वेला पांढरी, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी किंवा हिरवी. वर भाताची चार शितं, कधी बिस्किट, कधी गोळी. याला म्हणतात 'चनांग सारी'. देवळात ठेवायचा, उंबऱ्यापाशी ठेवायचा, स्कूटरच्या सीटवर, पाण्याच्या पंपावर, हॉस्टेलच्या इंटरनेटच्या डबीवरसुद्धा. उदबत्ती लावायची, फुलानं पाणी शिंपडायचं आणि तळहातानं तो धूर देवाकडे हलकेच ढकलायचा. जमिनीवरचा द्रोण पाचव्या मिनिटाला कुत्रा हुंगतो, मुंग्या लागतात, कुणाचा तरी पाय पडतो. इबूला त्याचं काही नाही. उद्या दुसरा. मी मुलांची चित्रं वर्षानुवर्षं कपाटात जपून ठेवणारी बाई, मला ते बघवेना. चौथ्या दिवशी मी तिच्याजवळ बसले. माझा पहिला द्रोण तिनं हातात घेतला, फिरवून पाहिला आणि उसवला.

दोघींचं इंग्रजी बेतास बात. पण शब्द गाठ पडायचे. नाव म्हणजे 'नामा', रंग म्हणजे 'वार्ना', काच म्हणजे 'काचा'. नवरा 'सुआमी', बायको 'इस्त्री'. 'दोसा' म्हणजे मात्र पाप, त्यामुळे मला तिथे डोशाची आठवण काढायची चोरी झाली. आणि बाली भाषेत आभार मानायचे तर म्हणायचं, 'सुक्स्मा'. आपलंच सूक्ष्म. शेजारच्या बेदुलू गावाजवळ 'गोआ गाजा' नावाची जागा आहे. गोआ म्हणजे गुहा, गाजा म्हणजे गज. हत्तीची गुहा. आत डाव्या हाताला गणपती बसलाय, उजवीकडे तीन लिंगं. देवळांच्या दाराशी पाटी असते, पाळीत असलेल्या बायकांनी आत येऊ नये. ती वाचून माझी आजी आठवली. फार प्रेमानं आठवली असं नाही.

चित्रांचं सांगायला हवं. उबुद हे नाव 'उबाद' म्हणजे औषध या शब्दावरून आलं. दोन ओढ्यांचा संगम आहे तिथे, चंपुहान. दंतकथा सांगते की मार्कंडेय ऋषी जावाहून आले ते याच संगमावर. त्यानंतर पुष्कळ शतकांनी, १९२७ साली, वाल्टर श्पीस नावाचा जर्मन चित्रकार आला आणि त्यानंही पुढे घर बांधलं ते या संगमाशीच. १९२९ मध्ये डच चित्रकार रुडॉल्फ बोनेट आला. तोवर बालीचे चित्रकार मुख्यतः देवळांसाठी आणि राजवाड्यांसाठी कापडावर महाभारत-रामायण रंगवत होते. आता कागद आला, शाई आली, बाजारहाट, शेत, नाच हेही चित्रात आलं. आणि पर्यटक आले, म्हणजे भराभर रंगवून विकणंही आलं. त्याला आळा घालायला १९३६ मध्ये या दोघांनी उबुदच्या राजघराण्यातल्या चोकोर्दा गदे आगुंग सुकावती यांच्या साथीनं 'पिता महा' हा कलाकारांचा संघ काढला. चित्रं एकत्र बघायची, चांगली तेवढीच पुढे विक्रीला पाठवायची. श्पीसचा शेवट वाईट झाला. महायुद्धात डचांनी त्याला जर्मन म्हणून पकडलं, कैद्यांना घेऊन निघालेल्या जहाजावर १९४२ मध्ये जपानी बॉम्ब पडला आणि तो बुडाला.

गावात 'पुरी लुकिसान' हे चित्रांचं संग्रहालय आहे, १९५६ सालचं. तिथे मी दोन दिवस काढले. बातुआन गावच्या शैलीतली चित्रं काळोखी आणि गच्च भरलेली, बोट ठेवायला जागा नाही. लोक त्यांच्यापुढे रेंगाळतात. मी थांबले ते गुस्ती न्योमान लेम्पाद यांच्या रेषेपुढे. पांढरा कागद, काळी शाई, कुठे चिमूटभर लाल, कुठे सोनेरी, बाकी सगळं मोकळं. आयुष्यभर मुलांना सांगत आले, कागद भरा रे, रिकामा ठेवू नका. चुकलंच माझं.

आता पाडवा. उबुदला न्येपी नावाचा दिवस असतो, त्यांच्या शक संवत्सराचा पहिला दिवस. त्या वर्षी तो आला २२ मार्चला. आपला गुढीपाडवाही २२ मार्चलाच! त्यांचं शके १९४५, आपलंही शके १९४५. दरवर्षी असं जुळत नाही. पुढच्याच वर्षी त्यांचं न्येपी ११ मार्चला आणि आपला पाडवा ९ एप्रिलला आला, कारण मध्ये आपला अधिक श्रावण होऊन गेला होता.

आदल्या दिवशी, अमावास्येला, गोंगाट. प्रत्येक वाडीची तरुण पोरं महिना-महिना खपून 'ओगोह-ओगोह' करतात. बांबूच्या सांगाड्यावर कागद चिकटवून केलेले अक्राळविक्राळ राक्षस, सुळे बाहेर, डोळे वटारलेले. गोव्यात दिवाळीच्या पहाटे जाळायला नरकासुर करतात ना, त्यांचे हे सख्खे भाऊ. आमच्या गल्लीतल्या राक्षसाच्या नखांना रंग लावताना एक पोरगा सारखा मागे सरून, एक डोळा मिटून बघत होता. त्याला हे कुणी शिकवलं असेल? संध्याकाळी झांजा आणि ढोल घेऊन मिरवणूक निघाली. बांबूच्या जाळीवर उभा राक्षस पोरांनी खांद्यावर घेतला आणि चौकात आला की उलटा, डावीकडून तीन वेळा गरगर फिरवला. भुतांना चक्कर येऊन दिशा कळू नये म्हणून. आमच्या गणपती मंडळांची पोरं तिथे असती तर एका रात्रीत दोस्ती झाली असती.

आणि सकाळी सहाला सगळं बंद.

बंद म्हणजे बंद. न्येपीचे चार नेम आहेत: अग्नी पेटवायचा नाही, काम करायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही, करमणूक करायची नाही. चोवीस तास. बेटावरचा विमानतळसुद्धा बंद असतो, एक विमान उतरत नाही की उडत नाही. २०१८ पासून त्या दिवशी मोबाइलचं इंटरनेटही बंद ठेवतात. आदल्या दिवशी बेटभर केलेला आरडाओरडा ऐकून बाहेर आलेल्या भुतांना वाटावं, इथे कुणी राहतच नाही, चला पुढे. पर्यटकांनाही सूट नाही. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेले गावचे राखणदार, 'पचलांग', रस्त्यानं फिरतात आणि कुणी फाटकाबाहेर दिसला तर आत पाठवतात.

इबूनं आम्हाला आदल्या रात्रीच थंड भात, तळलेलं तेंपे, उकडलेली अंडी आणि केळी झाकून ठेवली होती. तेंपे म्हणजे सोयाबीनची आंबवलेली वडी. ती स्वतः उपाशी. इंटरनेटची डबी तिनं भिंतीतून उपटून ठेवली. आठ खाटांवरची आठ माणसं, कुणाचं काम अडलं, कुणाचं प्रेम अडलं. दुपारपर्यंत चिडचिड, मग कंटाळा, मग झोप. चार वाजता ब्राझीलची मुलगी सोप्यावर माझ्याशेजारी येऊन बसली आणि माझी चित्रवही चाळत राहिली. कुणीच काही बोललो नाही. कोंबडा, पाल आणि ओढ्याचं पाणी एवढंच ऐकू येत होतं. हा ओढा इतक्या जवळ आहे हे मला पाच दिवसांत कळलं नव्हतं!

रात्री एकही दिवा नाही. मार्च म्हणजे तिथे पावसाचे दिवस, पण नऊ-साडेनऊला ढग फाटले. अंगणातल्या फरशीवर आम्ही ओळीनं आडवे झालो. मृग डोक्यावरून पश्चिमेला कललेला, आणि दक्षिणेकडे नारळाच्या शेंड्यांवर त्रिशंकू, मिरजेहून दिसतो त्यापेक्षा कितीतरी वर. दारात गुढी नाही, कडुनिंब नाही, श्रीखंडाचा तर विषयच नाही. मी मनातल्या मनात पाडवा म्हटला आणि झोपले.

सकाळी सहाला लांब कुठेतरी पहिली स्कूटर सुरू झाली. इबूनं चूल पेटवली. आणि माझा फोन जागा झाला. टिंग, टिंग, टिंग, थांबेचना. वरच्या खाटेवरून घाबरलेला प्रश्न आला, "इबू, घरी सगळं ठीक आहे ना?" ठीकच होतं. एक्क्याऐंशी लोकांनी पाडव्याच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या, एक दिवस शिळ्या. भाचीनं आमच्या गॅलरीतल्या गुढीचा फोटो टाकला होता.

मी तो इबूला दाखवला. तिनं हात पुसले, फोन जवळ घेतला, जरीचा खण निरखला, साखरेच्या गाठी निरखल्या. मग गुढीच्या टोकावरच्या तांब्यावर बोट ठेवलं आणि पालथा हात करून मला विचारलं, हा उलटा का?

मला त्यांच्या भाषेतले तीसेक शब्द येत होते. मी सोप्यावर बसले आणि सुरुवात केली.