मे महिन्यातलं रक्त

(कोल्हापुरात जून महिन्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, एवढ्या पावसात तुम्ही आलात. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘आरोग्याचे आणि सामाजिक दिन : का पाळायचे?’ त्याचं उत्तर मी देणार आहेच. पण सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून जिची सगळी नोकरी रक्तपेढीच्या दाराशी गेली, तिला बोलायला उभं केलंत, तर ती आधी रक्ताचंच बोलणार.

परवाच 14 जून झाला, जागतिक रक्तदाता दिन. ही कार्ल लँडस्टायनर यांची जन्मतारीख, 1868 सालची. विसाव्या शतकाच्या तोंडावर व्हिएन्नात त्यांनी सहकाऱ्यांचं आणि स्वतःचं रक्त एकमेकांत मिसळून पाहिलं. काही नमुने नीट मिसळले, काहींच्या गुठळ्या झाल्या. तिथून रक्तगट कळले. त्याआधी एकाचं रक्त दुसऱ्याला चढवायचं म्हणजे माणूस वाचेल की जाईल, याचा भरवसा नव्हता.

आता जरा हात वर करा. स्वतःचा रक्तगट किती जणांना माहीत आहे? छान, जवळजवळ सगळे. पुरुषांनी हात तसेच ठेवा. बायकोचा रक्तगट माहीत असेल तरच. बघा, कसे भराभर खाली आले! आणि या बाजूला बायकांना विचारलं, तर नवऱ्याचा, पोरांचा, सासूचासुद्धा सांगतील.

आपल्या कोल्हापुरात रक्त द्यायला माणूस कमी नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. रात्री अकराला तालमीत फोन करावा आणि साडेअकराला पोरं दारात, हे मी अनेकदा पाहिलंय. त्या पोरांबद्दल मला फार आदर आहे. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही, तारखेबद्दल आहे. नेत्याचा वाढदिवस आला की चौकाचौकात फ्लेक्स लागतात, मांडव पडतो आणि शिबिरांची चढाओढ सुरू होते. एकदा एका मंडळाचा कार्यकर्ता दुपारी माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “म्याडम, पल्याडच्या तालमीनं नव्वद केल्यात. आपल्याला शंभर पायजेत.” म्हटलं, “अरे, शंभर कशाला? पेढीत आज एवढी गरज नाही.” तो हिरमुसला. शंभरावा माणूस रांगेत उभा होता, त्याला परत कसं पाठवायचं?

आता हिशेब बघा. रक्तातल्या लाल पेशी शीतकपाटात 35 दिवस टिकतात, पिशवीत जादा द्रावण असलं तर 42. प्लेटलेट्स पाचच दिवस, त्याही सतत हलवत ठेवाव्या लागतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो, पण प्लाझ्मानं लाल पेशींचं काम होत नाही. आणि देणाऱ्याच्या बाजूनं, एकदा रक्त दिलं की पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने पुन्हा देता येत नाही. म्हणजे एका दिवशी अख्ख्या पेठेनं रक्त दिलं, तर दीड महिन्यात त्या लाल पेशींची मुदत संपते, आणि पुढचा दीड महिना त्या पेठेत रक्त देऊ शकेल असा माणूस सापडत नाही. हे सगळं सगळ्यांच्या चांगुलपणातून घडतं.

आणि मे महिना म्हणजे तर विचारूच नका. कॉलेजं बंद, पोरं गावाला, लग्नसराई, ऊन. पेढीतल्या फळ्या रिकाम्या. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी जगभर जो दिवस पाळतात, तो नेमका 8 मे.

असाच एक मे महिना होता. भुदरगडकडचा एक बाप आपल्या पोरीला घेऊन दर तीन आठवड्यांनी एसटीनं यायचा. पोरीला थॅलेसेमिया मेजर. या आजारात शरीराला पुरतं हिमोग्लोबिन तयारच करता येत नाही, बाहेरून रक्त चढवलं तरच मूल तग धरतं. तीन आठवडे होत आले की ती पोर कोमेजायची, जिना चढताना दोनदा बसायची. त्या दिवशी तिच्या गटाची एकही पिशवी नव्हती. मी शहरातल्या बाकीच्या पेढ्यांना फोन केले. कुणाकडेच नाही. शेवटी, एप्रिलच्या सुरुवातीला ज्या तालमीचं मोठं शिबिर झालं होतं, तिथल्या कार्यकर्त्याला फोन लावला. “सांगशीला तेवढी पोरं हुबी करतो,” म्हणाला, आणि खरंच केली. अर्ध्या तासात दारात गाड्यांची रांग. पण एकही पोरगा चालेना. सगळ्यांनी एप्रिलमध्येच रक्त दिलेलं! तीन महिने कुठं झाले होते?

त्यातला एक अगदी तरुण पोरगा मला म्हणाला, “म्याडम, मग आमी दिल्यालं रगात कुटं गेलं?” मी त्याला खरं ते सांगितलं. निम्मं उपयोगी पडलं. उरलेल्या पिशव्यांची मुदत गेल्या आठवड्यात संपली, नियमाप्रमाणे नष्ट कराव्या लागल्या. तो काही बोलला नाही. बाकावर त्या पोरीच्या बापाशेजारी जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी मिरजेहून पिशवी आली. तोवर पोर वॉर्डात होती, आणि तालमीतली दोघं-तिघं रात्रभर तिथंच.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये तोच कार्यकर्ता वही घेऊन आला. “म्याडम, यंदा वाढदिवसाला पन्नासच घेऊ. बाकीच्यांची नावं लिवून आणल्यात, म्हयनं वाटून द्या.” कुणी मे घेतला, कुणी ऑगस्ट, कुणी दिवाळीनंतरचा. माझ्या नोकरीतलं सगळ्यांत मोठं काम कुणी केलं असेल, तर त्या वहीनं.

थोडं विषयांतर करते, पण बायकांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. शिबिरात बाई येते, बोटाला सुई टोचतात, हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली निघतं आणि तिला सांगतात, “तुमचं चालणार नाही.” ती ओशाळून घरी जाते. अहो, तिला काहीतरी कळलंय त्या दिवशी! तिच्या अंगात रक्त कमी आहे, ही त्या शिबिरातली सगळ्यांत कामाची नोंद. तिला लोहाच्या गोळ्या द्या, महिन्यानं परत बोलवा. 11 एप्रिलला, कस्तुरबांच्या जयंतीला, आपण सुरक्षित मातृत्व दिन पाळतो. बाळंतपणात अतिरक्तस्रावानं दगावणारी बाई बऱ्याचदा आधीच अशी कमी रक्ताची असते. शिबिरातून परत पाठवलेल्या बायकांची यादी करून ती आशाताईंच्या हातात दिली, तर 11 एप्रिलचं निम्मं काम तिथंच होईल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग छापलेला विषय आता भराभर सांगते.

दिन कशासाठी? पहिलं कारण, एरवी तोंडातून निघत नाही ते त्या तारखेला बोलता येतं. याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. 6 मे 2022 ला शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली, कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. त्याच दिवसांत शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं आमच्या गावात बंद. 17 मे ला राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. विचार करा, ही गोष्ट एखाद्या साध्या मंगळवारी कुणी ग्रामसभेत काढली असती, तर? महाराजांच्या स्मृतीचं वर्ष होतं, म्हणून बोलणाऱ्याला बळ आलं आणि ऐकणाऱ्यालाही नाही म्हणणं जड गेलं. आता 23 जूनला आंतरराष्ट्रीय विधवा दिन येतोय, 26 ला महाराजांची जयंती, सामाजिक न्याय दिन. या चार दिवसांत आपापल्या गावात एकच विचारा, ठराव झाला होता का, आणि झाला असेल तर शेवटच्या मयतीला पाळला का?

दुसरं कारण म्हणजे उरलेलं वर्ष. पोलिओचा रविवार आठवतो? 1995 पासून सुरू झाला. बूथवर डोस, पोराच्या डाव्या करंगळीला शाई. लोकांना वाटायचं, रविवार झाला, संपलं. खरं काम सोमवारी सुरू व्हायचं. कार्यकर्त्या घरोघर जायच्या, दारावर खडूनं खूण करायच्या, सगळ्या मुलांना डोस मिळालेल्या घरावर एक आणि मूल राहिलेल्या घरावर दुसरी. त्या दुसऱ्या खुणेच्या घरी पुन्हा जायचं, पुन्हा पुन्हा जायचं. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला आणि 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त ठरला. ढोल रविवारचा होता, पण पोलिओ गेला तो सोमवारच्या पायपिटीनं.

माझं सगळं म्हणणं यात आलं. दिनाच्या दिवशी काम उरकून टाकायचं नाही, वर्षाचं काम वाटून घ्यायचं. 24 मार्चला क्षयरोग दिन असतो. 1882 साली त्या तारखेला रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. त्या दिवशी प्रभातफेरी काढा, जरूर काढा, पण आपल्या गल्लीतला औषध मध्येच सोडलेला माणूस कोण, हे त्याच दिवशी ठरवून त्याच्याकडे महिनाभर कोण जाणार ते लिहा. 30 जानेवारी, गांधीजींची पुण्यतिथी, आपल्याकडे कुष्ठरोग निवारणाचा दिवस. बहुविध औषधोपचारानं हा रोग पूर्ण बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. अंगावरचा बधिर चट्टा लपवणाऱ्या माणसाला त्या दिवशी आशाताई सहज विचारू शकते, “सगळ्यांचंच तपासतोय, तुमचंही बघू.” एवढी सोय करून देणारी तारीख मी तरी सोडणार नाही.

आणि एक दिवस दुसऱ्या दिवसाला जन्म देतो, हेही सांगून ठेवते. 2000 सालच्या जागतिक आरोग्य दिनाचा, 7 एप्रिलचा, विषय सुरक्षित रक्त हा होता. त्याला जगभर इतका प्रतिसाद मिळाला, की 2004 पासून 14 जून हा वेगळाच दिवस सुरू झाला.

वेळ संपली. दाराशी टेबलावर वही ठेवली आहे, बारा महिन्यांची बारा पानं. वय 18 ते 65, वजन 45 किलोच्या वर आणि तब्येत ठीक असेल त्यांनी आपलं नाव, गट आणि फोन लिहा. जूनच्या पानावर गर्दी करू नका, मे महिन्याचं पान आधी भरा. पुढच्या वर्षी एप्रिलअखेर तुम्हाला फोन येईल. आणि ज्यांच्या घरात यंदा लग्न ठरतंय, त्यांनी मला भेटल्याशिवाय जाऊ नका. मुलगा-मुलगी दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि वाहक आहे की नाही हे रक्ताच्या एका तपासणीत कळतं. ती कुठं करायची, ते मी सांगते.