मुद्दलाला हात न लावता

पडद्यावर पहाटेच्या उजेडात दिसते आहे ते न्यूयॉर्कमधले सेंट्रल पार्क. फिरायला येणाऱ्यांची वर्दळ अजून सुरू व्हायची आहे. वाटेच्या कडेला साचलेला पाचोळा दाताळ्याने ओढत एक माळी पुढे सरकतो आहे आणि तो ज्या बाकाजवळ क्षणभर थांबला, त्या बाकाच्या पाठीवर धातूची एक अरुंद पट्टी बसवलेली आहे. कुणाच्या आठवणीत, कुणाच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त कोरलेल्या दोन-तीन ओळी अशा पट्ट्यांवर असतात. या उद्यानात दहा हजारांच्या आसपास बाके आहेत आणि १९८६पासून देणगी देऊन एखादे बाक दत्तक घेता येते. देणगीदाराला बाकाची मालकी मिळत नाही, तिथे बसण्याचा अग्रहक्कही मिळत नाही. त्याने दिलेल्या पैशातून ते बाक आणि त्याच्या भोवतीची हिरवळ पुढची अनेक वर्षे राखली जाते. बाक मोडले तर दुरुस्तीचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न ते मोडण्याच्या आधीच सुटलेला असतो.

ना-नफा तत्त्वावर चालणारा न्यास सार्वजनिक उद्याने आणि निसर्गक्षेत्रे कशी सांभाळतो, हे समजून घ्यायचे तर या पट्टीपासून सुरुवात करावी. उद्यान उभारण्यासाठी पैसा मिळवणे कितीही अवघड असले, तरी त्या कामाला शेवट असतो; फीत कापली जाते, फलक लागतो, छायाचित्रे निघतात. खर्चाचा मोठा भाग त्यानंतर सुरू होतो आणि तो कधीच संपत नाही. गवत दर आठवड्याला वाढते, गटारे दर पावसात तुंबतात, जुन्या झाडांच्या वाळलेल्या फांद्या वेळेवर उतरवाव्या लागतात, आणि यांपैकी कोणत्याही कामाचे उद्घाटन होत नाही.

सरकारी अंदाजपत्रक आवळण्याची वेळ आली, की रुग्णालय, पाणीपुरवठा आणि शाळा यांच्यामागे उद्यान रांगेत शेवटी उभे असते, आणि ते समजण्यासारखेही आहे. खरी अडचण अशी, की उद्यानाची आबाळ लगेच दिसून येत नाही. हजारो पावलांखाली माती दबत जाते, तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात आणि पाणी मुरेनासे होते. मुळे वरच्या वर राहतात, उन्हाळ्यात गवत जळते, उघडी पडलेली माती पुढच्या पावसात वाहून जाऊन नाल्यांत आणि तळ्यांत साचते, नाले तुंबल्यामुळे वाटांवर पाणी उभे राहते, आणि लोक ते पाणी चुकवण्यासाठी वाटेच्या कडेच्या गवतावरून चालू लागतात. हे चक्र नजरेत भरेपर्यंत पाच-सात वर्षे निघून गेलेली असतात, आणि तोपर्यंत माळ्याच्या पगारावर वाचवलेल्या पैशापेक्षा कितीतरी अधिक खर्च समोर उभा राहिलेला असतो.

सेंट्रल पार्कने हे सारे अनुभवले आहे. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉ यांच्या १८५८ सालच्या आराखड्यातून साकारलेले हे ८४३ एकरांचे उद्यान पाहणाऱ्याला नैसर्गिक वाटते. मात्र त्यातली तळी खोदलेली आहेत, टेकड्या रचलेल्या आहेत आणि जमिनीखाली निचऱ्याच्या नळांचे जाळे आहे. अशी रचना राखणारे हात काढून घेतले, तर ती टिकत नाही. १९७५मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचले, तेव्हा उद्यानाची अवस्था दयनीय होती. ज्या शीप मेडो नावाच्या कुरणावर १९३४पर्यंत खरोखरच मेंढ्या चरत असत, तिथे गवत जाऊन धुळीचे मैदान उरले होते.

१९७९मध्ये शहराने एलिझाबेथ बार्लो रॉजर्स यांची उद्यानाच्या प्रशासक म्हणून नेमणूक केली आणि १९८०मध्ये नागरिकांच्या पुढाकारातून सेंट्रल पार्क कन्झर्व्हन्सी हा न्यास उभा राहिला. त्याच वर्षी शीप मेडोवर नवी हिरवळ अंथरली गेली. परंतु या न्यासाचे शहाणपण मला त्यानंतरच्या धीम्या कामात दिसते. मिळेल तिथे डागडुजी करत सुटण्याऐवजी माती, निचरा, झाडे, पूल आणि माणसांची ये-जा यांचा अभ्यास करून संपूर्ण उद्यानाचा एकत्रित आराखडा तयार करण्यात आला आणि तो १९८५मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे देणगीदार एखाद्या पुलासाठी किंवा एखाद्या कुरणासाठी पैसे घेऊन येत, तेव्हा त्या कामाची जागा आराखड्यात आधीच ठरलेली असे.

पडद्यावरच्या नकाशात उद्यानाचे तुकडे पडलेले दिसत आहेत. १९९६मध्ये न्यासाने उद्यान ४९ विभागांत वाटले आणि प्रत्येक विभाग एकेका माळ्याच्या हवाली केला. त्यापूर्वी फिरती पथके येत, गवत कापून निघून जात, आणि एखादे रोप का सुकले याचा जाब विचारावा असे कुणीच नसे. आता त्या विभागातली हिरवळ, झुडपे, बाके आणि कचऱ्याचे डबे यांची जबाबदारी ठरावीक माणसावर असते आणि स्वयंसेवकही त्याच्या देखरेखीखाली काम करतात. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, कोणत्या झाडाला यंदा पालवी उशिरा फुटली, हे तो माणूस कागद न पाहता सांगू शकतो. देणगीच्या पैशाने काय विकत घेता येते, असे कुणी विचारले तर मी आधी हेच उत्तर देईन: एका जागेची वर्षानुवर्षांची ओळख असलेला, नियमित पगार मिळणारा माणूस.

१९९८मध्ये शहराने या न्यासाशी रीतसर करार केला. जमीन शहराची, नियम ठरवण्याचा अधिकार शहराचा, आणि दैनंदिन व्यवस्थापन न्यासाचे, अशी ही विभागणी आहे. उद्यानाच्या वार्षिक खर्चाचा बहुतांश वाटा आज न्यास स्वतः उभा करतो.

हा पैसा कसा उभा राहतो, याकडे आता थोडे थांबून पाहू. न्यासाकडे येणारी प्रत्येक देणगी सारखी नसते. बरेच देणगीदार ठरावीक कामासाठी पैसे देतात. कारंजे, खेळाचे मैदान, नव्याने लावलेली वनराई अशा डोळ्यांना दिसणाऱ्या कामांकडे मन ओढले जाते, आणि त्या पैशाचा विनियोग त्या कामासाठीच करणे न्यासाला बंधनकारक असते. निचऱ्याच्या नळाला आपले नाव द्यावे असे सहसा कुणाला वाटत नाही. म्हणून कोणतीही अट नसलेली लहान देणगी, सभासदाची दरवर्षी न चुकता येणारी वर्गणी, ही न्यासाच्या हिशेबात तिच्या आकड्यापेक्षा मोठी असते. त्या पैशातून खते येतात, अवजारांना धार लावली जाते आणि पगार होतात.

याहून खोल असते ती गंगाजळी, म्हणजे न्यासाचा कायम निधी. तिची कल्पना कोणत्याही घराला कळेल अशी आहे: मुद्दल गुंतवायचे, त्याला हात लावायचा नाही आणि उत्पन्नातला ठरावीक भाग तेवढा खर्च करायचा. समजा, शंभराच्या मुद्दलावर एका वर्षी सात मिळाले आणि त्या वर्षी महागाई तीन टक्क्यांनी वाढली, तर चारच खर्चायचे आणि तीन मुद्दलात परत घालायचे. अन्यथा वीस वर्षांनी आकडा तोच दिसेल, पण त्यातून जवळपास निम्मीच कामे होतील. बाजार एका वर्षी चढतो आणि दुसऱ्या वर्षी पडतो, तेव्हा माळ्यांची संख्या त्याबरोबर खालीवर होऊ नये म्हणून अनेक न्यास मागच्या काही वर्षांतल्या निधीची सरासरी काढतात आणि तिच्या चार-पाच टक्क्यांच्या आसपास रक्कम दरवर्षी काढून घेतात. २०१२मध्ये सेंट्रल पार्कला १० कोटी डॉलरची देणगी मिळाली, तेव्हा तिचा निम्मा भाग या कायम निधीत गेला. वृत्तपत्रांचे लक्ष अर्थातच एकूण आकड्याकडे होते.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सने हाच विचार आणखी पुढे नेला. १९६७मध्ये घोषित झालेले हे नवे शहर वसवताना ओढ्यांच्या काठाने, तळ्यांभोवती आणि रस्त्यांच्या कडेने विपुल हिरवी जागा राखून ठेवली होती. १९९२मध्ये शहर वसवणारे विकास महामंडळ बरखास्त होणार होते, आणि एवढ्या जागेची निगा भावी अंदाजपत्रकांवर सोडली तर तिची आबाळ होईल, हे जाणून पार्क्स ट्रस्ट हा स्वतंत्र न्यास स्थापन करण्यात आला. त्याला उद्यानांचा ९९९ वर्षांचा भाडेपट्टा देण्यात आला आणि सोबत सुमारे २ कोटी पौंडांची ठेव देण्यात आली, तीही मुख्यतः दुकाने, कचेऱ्या यांसारख्या व्यापारी मालमत्तेच्या रूपात. या मालमत्तेचे भाडे नियमित येते आणि त्यातून उद्याने चालतात. आज हा न्यास सुमारे ६,००० एकर जागा सांभाळतो, आणि काही कुरणांवर गुरे व मेंढ्या चारून गवत आटोक्यात ठेवतो. शहर वाढले की व्यापारी जागांची किंमत वाढते, आणि शहर वाढले की उद्यानांवरचा भारही वाढतो. एकाच कारणातून खर्च आणि उत्पन्न दोन्ही वाढावीत अशी ही रचना आहे, आणि ती आखणाऱ्यांच्या दूरदृष्टीचे मला मनापासून कौतुक वाटते.

अशा रचनेअभावी राष्ट्रीय उद्यानांत सरकार आणि न्यास यांनी भागीदारी केल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानात पायवाटांच्या दुरुस्तीसाठी १९९९मध्ये सुरू झालेल्या योजनेत प्रवेशशुल्कातून ४० लाख डॉलर आले आणि फ्रेंड्स ऑफ अकेडिया या संस्थेने ९० लाख डॉलर जमवले. या रकमेचा एक भाग पायवाटांच्या कायमच्या देखभालीसाठी ठेव म्हणून बाजूला ठेवण्यात आला.

आता पडद्यावर समुद्राकडे पाहणारा खडकाळ उतार आहे. वेल्समधल्या बारमथ गावावरची दिनस ओलाय ही साडेचार एकरांची टेकडी फॅनी टॅलबट यांनी १८९५मध्ये निसर्गरम्य जागा आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या न्यासाला दिली. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली यांनी त्याच वर्षी स्थापन केलेल्या या न्यासाची ती पहिली मालमत्ता. १९०७च्या कायद्याने न्यासाला आपली जमीन अविक्रेय घोषित करण्याचा अधिकार दिला. अशी जमीन विश्वस्तांना स्वतःलाही विकता येत नाही किंवा गहाण टाकता येत नाही. पण जी वस्तू कधीच सोडता येणार नाही, ती स्वीकारण्यापूर्वी दहादा विचार करावा लागतो. म्हणून एखादी जागा किंवा वास्तू घेण्याआधी तिच्या भविष्यातल्या देखभालीसाठी किती ठेव लागेल, याचे गणित हा न्यास मांडतो. चोर्ली सूत्र या नावाने ते ओळखले जाते. अपेक्षित उत्पन्न आणि खर्च यांतली तूट भरून काढणारा निधी सोबत नसेल, तर सुंदर जागाही नाकारावी लागते. फुकट मिळणारी वनराई नाकारणारे विश्वस्त बाहेरच्या माणसाला कठोर वाटतील. त्यांच्या नकाराने आधीच पदरात असलेल्या जागांचे रक्षण होत असते.

या व्यवस्थेवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांत तथ्य आहे, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. श्रीमंत वस्तीशेजारच्या उद्यानाला श्रीमंत देणगीदार मिळतात. गरीब वस्तीतल्या उद्यानासाठी न्यास उभा राहिलाच, तरी त्याची झोळी लहान असते. २०१२च्या त्या देणगीनंतर न्यूयॉर्कमध्ये ही विषमता चर्चेत आली आणि पुढच्या वर्षी मोठ्या उद्यानन्यासांनी आपल्या अंदाजपत्रकाचा पाचवा हिस्सा उपेक्षित उद्यानांना द्यावा, असा प्रस्ताव पुढे आला. दुसरा धोका असा, की न्यास पैसे उभे करतो आहे हे पाहून शासन आपला वाटा हळूहळू काढून घेते. तिसरा धोका सर्वांत सूक्ष्म आहे: जो पैसा देतो त्याची आवडनिवड, त्याला उद्यानात कोण असावे आणि कोण नसावे असे वाटते ते, कुणाच्या लक्षात येण्याआधी नियमांत उतरू शकते. माझ्या मते यावर मोठ्या मनाच्या देणगीदारांची आशा धरणे पुरेसे नाही. जमिनीची मालकी लोकांची, प्रवेश सर्वांना मोफत, शासनाचा किमान वाटा ठरलेला आणि हिशेब उघड, या गोष्टी करारातच लिहिलेल्या असाव्या लागतात.

शेवटचे दृश्य केंब्रिजजवळच्या विकेन फेन या दलदलीचे आहे. १८९९मध्ये नॅशनल ट्रस्टने इथली दोन एकर जागा १० पौंडांना घेतली आणि त्याचे पहिले निसर्गक्षेत्र अस्तित्वात आले. दलदल विकत घेऊन कुंपण घातले की ती राखली जाईल, अशी आपली समजूत असते. इथे शतकानुशतके छपरांसाठी लव्हाळ्यासारखे उंच, धारदार गवत कापले जात असे. ते कापणे थांबताच झुडपे शिरली, जमीन कोरडी होऊ लागली आणि मोकळ्या दलदलीतल्या वनस्पती आणि कीटक मागे हटले. म्हणून आजही ते गवत ठरावीक वर्षांच्या फेऱ्याने कापावे लागते, चरांतल्या पाण्याची पातळी सांभाळावी लागते, आणि काही भागांत गुरे व घोडी चरायला सोडलेली आहेत.

भोवतालची शेते मात्र पूर्वीच पाणी उपसून कोरडी केलेली आहेत आणि तिथली काळी माती वाळून खाली बसते आहे. चहूबाजूंनी कोरड्या जमिनीने वेढलेली एवढीशी दलदल फार काळ तग धरणार नाही, हे ओळखून न्यासाने १९९९मध्ये क्षेत्र सुमारे ५३ चौरस किलोमीटरपर्यंत वाढवण्याची योजना आखली आणि तिला शंभर वर्षांची मुदत दिली. शेजारचा एखादा शेतकरी स्वेच्छेने जमीन विकायला काढतो, तेव्हा ती घ्यायची, तिच्यात पाणी परत येऊ द्यायचे आणि पुढच्या जमिनीची वाट पाहायची, असा तिचा क्रम आहे. ही योजना कागदावर आणणाऱ्यांपैकी कुणीही २०९९ साल पाहणार नाही, आणि पुढची जमीन विक्रीला कधी निघेल हे त्यांना ठरवता येत नाही. ती निघेल त्या दिवशी पैसे तयार असावेत, एवढे त्यांना करता येते.