निरोप द्यायला आलेली माणसं

दुबईला तेव्हा धक्का नव्हता.

आजची दुबई पाहिलेल्यांना हे खोटं वाटेल, पण १९६१ साली मोठी बोट आली की ती किनाऱ्यापासून लांब, उघड्या समुद्रात नांगर टाकून उभी राहायची. तिथून पुढचं सगळं काम होड्यांचं आणि पडावांचं. खाडीतून होडी निघायची, हेलकावे खात बोटीच्या कुशीला लागायची. मग माणूस एका हातानं शिडी धरून आणि दुसऱ्या हातानं बोचकं सांभाळून वर चढायचा.

वर चढणारे सगळे प्रवासीच असत असं नाही. माल उतरवणारे हमाल असत, कस्टमचे आणि इमिग्रेशनचे लोक असत, कंपनीच्या एजंटाची माणसं असत. बोट लागली की चार पैसे मिळतील म्हणून आलेले फेरीवाले असत. आणि असत भावाला, मुलाला, शेजाऱ्याला निरोप द्यायला आलेली माणसं.

(दृश्य: नांगरलेली बोट, भोवती होड्या)

७ एप्रिल १९६१, शुक्रवार. दुबईसमोर नांगरलेल्या बोटीचं नाव होतं 'दारा'.

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही बोट १९४८ साली ग्लासगोला बांधली गेली. पाच हजार टनांची. 'डुमरा', 'द्वारका', 'दारा', 'दारेसा' अशा ह्या चार बहिणी मुंबई आणि इराकमधल्या बसऱ्याच्या दरम्यान येरझारा घालत. वाटेत कराची, मस्कत, दुबई, बहारीन, कुवेत. ह्या फेरीला 'दारा' मुंबईहून सुटली होती २३ मार्चला, बसऱ्याला जाऊन आली होती आणि आता परतीच्या वाटेवर होती.

तेलाच्या पैशाची झळाळी यायच्या आधीचं हे आखात. दुबईत अजून तेल सापडलेलं नव्हतं, ते सापडलं १९६६ साली. संयुक्त अरब अमिरात नावाचा देशसुद्धा जन्माला यायचा होता. तिथल्या बाजारात चलन कुठलं? रुपया. आपल्या रिझर्व्ह बँकेनं १९५९ पासून खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. कुवेतनं स्वतःचा दिनार सुरू केला तो १ एप्रिल १९६१ ला, म्हणजे आपल्या गोष्टीच्या आठवडाभर आधी.

कोकणाला आणि गोव्याला हा समुद्र परका नव्हता. रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी कित्येक पिढ्या ब्रिटिश बोटींच्या डेकवर घाम गाळत आले होते. सारंग, टिंडाल हे बोटीवरचे हुद्दे त्यांच्या घरात रोजच्या बोलण्यातले. गोव्याचे तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, भटारखान्यात आणि सलूनमध्ये, म्हणजे बोटीच्या जेवणाच्या दालनात. मुंबईत धोबीतलावला गावागावांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांसाठी उतरायच्या जागा, होत्या. बोट मिळेपर्यंत तिथं पथारी टाकायची आणि बोट मिळाली की पेटी उचलायची. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडेच होता. म्हणजे पोर्तुगीज कागदावरचा माणूस इंग्रजांच्या बोटीतून अरबांच्या देशात जाणार! समुद्रावर असल्या गुंतागुंतीचं कुणाला काही वाटत नसे.

अशा बोटींचा जीव म्हणजे डेक पॅसेंजर. केबिनची चैन मोजक्यांना. बाकीच्यांनी वळकटी सोडायची, ट्रंक उशाशी घ्यायची, आणि जिथं जागा मिळेल तिथं संसार मांडायचा. हिंदुस्थानी, पाकिस्तानी, ओमानी, इराणी, सगळे शेजारी शेजारी.

त्या शुक्रवारी दुपार कलली आणि वारा फिरला. बघता बघता वादळ झालं.

शेजारीच नांगरलेल्या 'झ्यूस' नावाच्या जहाजाचा नांगर सुटला आणि ते वाहत येऊन 'दारा'वर आदळलं. नुकसान फार नव्हतं, पण इशारा पुरेसा होता. दाटीवाटीच्या नांगरवाड्यात, वादळात, किनाऱ्याजवळ उभं राहणं म्हणजे संकटाला आमंत्रण. कप्तान चार्ल्स एल्सन यांनी नांगर उचलायचा हुकूम दिला. खोल समुद्रात जायचं, वाऱ्याकडे तोंड करून रात्र काढायची आणि सकाळी परत यायचं. कुठल्याही जाणत्या दर्यावर्दीनं हेच केलं असतं. ह्या निर्णयात मला तरी खोट दिसत नाही.

पण बोट सुटताना एरवी जे होतं ते त्या संध्याकाळी झालं नाही. पाहुणे उतरले नाहीत. उतरणार कुठं? एवढ्या लाटांत होडी बोटीला लागूच शकत नव्हती. हमाल, फेरीवाले, सरकारी माणसं आणि निरोप द्यायला आलेले नातेवाईक होते तिथंच राहिले. ज्यांना कुठंच जायचं नव्हतं, त्यांना घेऊन 'दारा' निघाली.

बोटीवर आता एकूण ८१९ माणसं होती. त्यांत १९ अधिकारी आणि ११३ खलाशी.

(शांतता. फक्त वाऱ्याचा आवाज.)

पहाटे वारा पडू लागला. बोट दुबईकडे वळली. रात्रभर उलट्या करून थकलेल्या लोकांचा जरा डोळा लागला असेल.

पहाटे पावणेपाचच्या सुमाराला स्फोट झाला.

बॉयलर नाही, इंजिन नाही. इंजिनरूमच्या भिंतीजवळ, डाव्या अंगाला, डेकांच्या मधल्या भागात. धक्का भिंत फोडून गेला, वरचे दोन डेक फोडून मुख्य दिवाणखान्यापर्यंत गेला. ठिकठिकाणी आग लागली. वीज गेली. आग विझवायला लागतं ते पाणीही नळांतून येईना. सुकाणू ऐकेना. म्हणजे बोटीची दृष्टी, हात आणि पाय एका क्षणात गेले, आणि आत आठशेंवर माणसं अंधारात, धुरात.

लाईफबोटी सोडल्या गेल्या. त्यांतली एक इतकी भरली की उलटली. समुद्र अजून पुरता शांत झालेला नव्हता, आणि डेकवरच्या किती जणांना पोहता येत असेल? वाळवंटातल्या माणसाला कुठून यावं पोहायला? काहींनी उड्या टाकल्या, काही आगीतच राहिले.

मदत मात्र लवकर आली. 'एम्पायर गिलेमॉट' नावाचं ब्रिटिश लँडिंग जहाज जवळच होतं, त्यानं पुष्कळ लोकांना पाण्यातून आणि लाईफबोटींतून उचललं. इतर जहाजंही धावली. वाचलेल्यांना बहारीनला नेण्यात आलं. पुढे ब्रिटिश आरमाराच्या फ्रिगेटी आल्या, अमेरिकेची 'लॅफी' ही विनाशिका आली. त्यांच्या माणसांनी जळत्या बोटीवर चढून आग आटोक्यात आणली. बोट ओढून न्यायला सुरुवातही झाली. पण १० एप्रिलच्या सकाळी, ओढत नेत असतानाच 'दारा' बुडाली.

मृत्यू पावले २३८.

चौकशी लंडनमध्ये बसली, पुढच्या वर्षी, १९६२ साली. तोवर पाणबुडे खाली उतरून बोट बघून आले होते. धातू कसा वाकलाय, भोक कुठल्या बाजूनं पडलंय, ह्यावरून तज्ज्ञांनी ताडलं की हा अपघात नव्हे. रणगाडे उडवायला वापरतात तसला भूसुरुंग, मुद्दाम ठेवलेला. कुणी ठेवला? संशयाची सुई ओमानच्या बंडखोरांकडे वळली. सुलतानाविरुद्धचं त्यांचं बंड १९५९ च्या सुरुवातीला जबल अखदरच्या डोंगरात मोडून पडलं होतं, तरी रस्त्यांवर सुरुंग पेरणं थांबलं नव्हतं. पण ह्या बोटीवर सुरुंग ठेवणारा हात कुणाचा, हे कोर्टात कधी ठरलं नाही.

मला सुरुंगापेक्षा जास्त छळतो तो हिशेब. प्रवाशाचं नाव तिकिटावर असतं, खलाशाचं नाव हजेरीपटावर असतं. फेरीवाल्याचं कशावर असतं? तासाभरासाठी भावाला भेटायला शिडी चढलेल्या माणसाचं कुठल्या कागदावर? त्या रात्री दुबईच्या काठावर काही घरांत माणूस परत आला नाही म्हणून वाट पाहत बसले असतील. वादळ आहे, बोट खोल पाण्यात गेलीय, सकाळी येईल, अशी समजूत घालत.

(दृश्य: समुद्रतळावरचा सांगाडा, माशांचे थवे)

'दारा' आजही तिथंच आहे, शारजा आणि उम्म अल कुवेनच्या किनाऱ्यासमोर. हौशी पाणबुडे तिला बघायला जातात.

तिच्या बहिणींनी फेऱ्या थांबवल्या नाहीत. 'द्वारका' तर १९८२ पर्यंत ह्या समुद्रातून जात-येत राहिली. दुबईला खोल पाण्याचं बंदर मिळालं ते सत्तरच्या दशकात. त्या आधीची दहाएक वर्षं बोट लांबच उभी राहायची, खाडीतून होड्या निघायच्या, आणि प्रवाशांच्या मागोमाग त्यांची माणसं शिडी चढून वर यायची, निरोप द्यायला.